पाच किलोची रेघ

शोरूममधल्या मुलीनं लॅपटॉप वळवून दाखवलं
आमचं स्वयंपाकघर.
आमचं असं ती म्हणाली, म्हणून आमचं.
पांढरी कपाटं, ओढायला मूठसुद्धा नाही,
ओट्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात सात हिरवी सफरचंदं.
एकही भांडं नव्हतं.
मी विचारलं, मिसळणाचा डबा कुठं?
"सगळं आत असतं मॅडम, बाहेर काही दिसत नाही."
दिसलं नाही की मला सुचत नाही,
हे तिला कसं सांगायचं?
दाराआड ठेवलेली मेथी तीनदा विकत आणलेली
बाई आहे मी.

परशरामचा जीव मिलिमीटरवर.
तेवीस वर्षं उद्यमबागेत ओतकाम,
नखाएवढी फट दिसली की त्याची झोप जाते.
त्यानं एकच दार किती वेळा उघडलं, सोडलं.
"आवाज न करता मिटतंय की," म्हणाला,
जणू आजवर घरात आवाजाचाच काय तो त्रास होता.
मग मुलीनं आकडा सांगितला
आणि तोही
आवाज न करता मिटला.

अनगोळहून इरण्णा बडिगेर आला.
कानावर पेन्सिल, पिशवीत टेप.
टेप काढलीच नाही.
"हात वर करा अक्का."
केला.
बोटं पोचली तिथं भिंतीवर रेघ.
"आता पीठ घेऊन करा."
ज्वारीच्या पिठाचा डबा, पाच किलोचा.
उचलला, आणि उजव्या खांद्यात ती कळ आली
जी मी अजून कुणाला सांगितली नव्हती.
दुसरी रेघ पहिलीपेक्षा सहा बोटं खाली.
इरण्णानं पहिली अंगठ्यानं पुसली.
"ती फोटोला. ही रोजला."

"आणि कोण रांधतं घरात?"
परशरामनं माझ्याकडं बघितलं, मी नळाकडं.
"रविवारचा चहा," तो शेवटी म्हणाला.
त्याच्याही हातात डबा दिला.
त्याची रेघ माझ्यापेक्षा चांगली वीतभर वर.
"कुठली धरू?"

आमच्या वडगावात गप्प बसणं म्हणजे
शेजारचा माग ऐकू येणं.
बराच वेळ ऐकू आला.
"तिची धर."
आणि इरण्णा खाली वाकल्यावर, हळूच,
"चहापुरता मी वाकीन की."

पुढचं भराभर ठरलं.
नळाकडं पाण्यानं न फुगणारं प्लाय, बाकी साधं,
श्रावणात आमच्या भिंती घाम फोडतात.
सिलिंडर एकटीला ओढता यावा.
परात, पोळपाट, मांड्यांचं पसरट ताट
उभी राहतील असा ओट्याखाली एक अरुंद कप्पा.
आणि माझ्या रेघेवर एक फळी उघडी,
तिला दार म्हणून नको.
रंगाचं अडलं. हळदीचे डाग न दिसणारा द्या म्हटलं,
तर इरण्णा म्हणाला, "मग हळदीचाच घ्या."
घेतला. नणंद अजून हसते.

दिवाळीला आठ दिवस असताना सगळं बसलं.
चमच्यांचा ड्रॉवर अडतो.
परशराम त्याला साबण चोळतो, शिव्या देतो, परत चोळतो.
कपाटाच्या आत, मागच्या फळीवर
इरण्णाची बेरीज तशीच राहिलीय, कानडी आकड्यांत.
निम्मे मला येतात, बसच्या पाट्यांवरून शिकलेले.
हातच्याचा आकडा कुठला ते मात्र कळत नाही.
त्याखाली कागद चिकटवून मी लिहिलं, डाळी.

पुसलेली रेघ नीट पुसली गेलेली नाही.
उघड्या फळीवरच्या डब्यांच्या मधून दिसते,
पिठाच्या डब्याच्या जरा वर.
दुपारी घरात कुणी नसलं
की कधी कधी मी रिकामा हात
तिथवर नेऊन बघते.
पोचतो.